मोटरवाला मोबाईल ॲन्टेना : गाडीतून उतरायचा कंटाळा कुठून आला

गाडीच्या मागे एक जाडजूड नळी, तिच्यातून डोकावणारी कॉईल, कॉईलवर लांब काडी, आणि गाडी उभी असताना ती कॉईल घुर्रर्र आवाज करत हळूहळू वर यायला लागली की बघणाऱ्याला वाटतं रेडिओचा ॲन्टेना बाहेर येतोय. जुन्या महागड्या गाड्यांत रेडिओ चालू केला की बॉनेटच्या बाजूने काडी वर यायची, ते आठवतं बहुतेकांना. पण त्या काडीचं काम फक्त बाहेर येणं आणि परत लपणं एवढंच होतं. हॅमच्या म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या गाडीवरची मोटर ॲन्टेना लपवत नाही, ती ट्यून करते, हव्या फ्रिक्वेन्सीला जुळवते. आणि बरेच जण, अगदी हॅमसुद्धा, तिला चैन समजतात, तेवढं मला पटत नाही. मोबाईल (म्हणजे गाडीवरचा) ॲन्टेना जसजसा चांगला होत गेला तसतसा तो वापरायला किचकट होत गेला, आणि मोटर हा त्या किचकटपणावरचा उपाय आहे, असं माझं मत.

सगळ्याचं मूळ एका साध्या हिशोबात आहे. उभा ॲन्टेना पाव तरंगलांबीचा असला की छान चालतो. २८ मेगाहर्ट्झला म्हणजे १० मीटर बँडवर हे पाव माप साधारण अडीच मीटर येतं, गाडीवर आरामात बसतं. ७ मेगाहर्ट्झला (४० मीटर बँड) तेच १० मीटर होतं, आणि ३.५ मेगाहर्ट्झला (८० मीटर बँड) २० मीटरच्या पुढे जातं, म्हणजे सहा-सात मजली इमारत डिकीवर घेऊन फिरायचं. ते होणार नाही, मग अडीच मीटरची काडी ठेवायची आणि उरलेल्या लांबीची भरपाई कॉईलने करायची. ही तडजोड आजतागायत चालू आहे, फक्त कॉईल कुठे ठेवायची, कशी गुंडाळायची आणि कशी कमीजास्त करायची यावरून लोक ७०-७५ वर्षं भांडतायत.

गाडीत रेडिओ आला तो आधी ऐकण्यापुरता. १९२८ मध्ये डेट्रॉईट पोलिसांनी गाड्यांत रिसीव्हर बसवले, पण ते एकतर्फी, मुख्यालयाने बोलायचं आणि गाडीने ऐकायचं. १९३० मध्ये गॅल्विन कंपनीने मोटोरोला नावाने कार रेडिओ विकायला काढला, आणि १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या पोलिसांनी गाडीतून दुतर्फी बोलणं सुरू केलं. हौशी मंडळींची खरी गर्दी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. सैन्यातून मोडीत निघालेला माल स्वस्तात मिळत होता, आणि त्यात नशीब म्हणजे १९४७ मध्ये सूर्यावरच्या डागांचं चक्र शिखरावर होतं (डाग जास्त असले की वरच्या बँडवरचे सिग्नल वातावरणातून परतून लांब पोचतात). १० मीटर बँड असा काही उघडला होता की गाडीतल्या थोड्याशा पॉवरवर समुद्रापलीकडे बोलणं व्हायचं. आणि ॲन्टेना? अडीच मीटरची सरळ काडी, बंपरला स्प्रिंग लावून उभी केलेली. कॉईल नाही, ट्यूनिंग नाही, काही नाही.

मग सूर्य थंडावला. १९५४ ला चक्र तळाला गेलं, १० मीटर बऱ्यापैकी ओस पडला, आणि ज्यांना गाडीतून बोलायची चटक लागली होती ते खाली ७५ (८० मीटर बँडचाच बोलण्याचा भाग) आणि ४० मीटरवर सरकले (तसं ७५ वर आधीपासूनच मोबाईलवाले होते म्हणा, पण आता पर्यायच उरला नाही). तिथे मात्र कॉईलशिवाय पान हलत नाही.

इथे थोडं थांबतो कारण गंमत इथेच आहे. अडीच मीटरची काडी ८० मीटर बँडवर चालवली तर तिचा रेडिएशन रेझिस्टन्स एक ओमच्या आतबाहेर येतो. म्हणजे खरं काम करणारा भाग एक ओम, आणि त्याच्या जोडीला कॉईलमधला तोटा काही ओम आणि गाडीच्या पत्र्यातून जमिनीत जाणारा तोटा आणखी काही ओम. शंभर वॅट टाकले तर चार-पाच वॅट हवेत जातात, बाकीचे कॉईल आणि रस्ता गरम करतात. मग लोकांनी काय केलं, कॉईल जाड तारेची केली, तिचा व्यास वाढवला, ती बुडातून उचलून काडीच्या मध्यावर नेली, कारण आखूड ॲन्टेनात जास्त करंट खालच्या भागात वाहतो आणि कॉईल वर नेली की तो करंट जास्त लांबीत पसरतो. बग कॅचर नावाच्या मोठ्ठ्या कॉईलवाल्या ॲन्टेनांची जात यातूनच आली. दिसायला खरंच किडे पकडायच्या पिंजऱ्यासारखा, पण फील्ड स्ट्रेंग्थ मोजायला बसलात तर याच्यासमोर छोटे सुटसुटीत ॲन्टेना रडायला लागतात.

पण तोटा कमी केला की क्यू (ॲन्टेना किती धारदार जुळतो याचं माप) वाढतो आणि क्यू वाढला की बँडविड्थ घटते. चांगला बनवलेला ८० मीटरचा मोबाईल ॲन्टेना जेमतेम वीस-पंचवीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात नीट चालतो. अमेरिकेत हा बँड ५०० किलोहर्ट्झ रुंद आहे. म्हणजे तुमचा ॲन्टेना जितका भारी तितका तो बँडच्या एका कोपऱ्यात अडकलेला, तिथून थोडं सरकलात की एसडब्ल्यूआर (ॲन्टेना किती जुळलाय याचं माप, १ म्हणजे उत्तम) तीन, पाच, आणि रिग (रेडिओ सेट) आपोआप पॉवर खाली आणायला लागते.

आता सुरुवातीला हे कुणाला फारसं टोचलं नाही, कारण तेव्हाचे बरेच मोबाईल ट्रान्समीटर क्रिस्टलवर चालायचे. एक क्रिस्टल म्हणजे एक फ्रिक्वेन्सी, आपल्या ग्रुपची ठरलेली जागा, तिथे एकदा ॲन्टेना जुळवला की महिनोन्महिने हात लावायची गरज नाही. घोळ सुरू झाला तो ट्रान्सीव्हर (ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच डब्यात) गाडीत आल्यावर. १९५७ मध्ये कॉलिन्सचा केडब्ल्यूएम-१ आला, एसएसबीवर (आवाज पाठवायची कमी जागा घेणारी पद्धत) चालणारा, आणि रिसीव्हर फिरवाल तिथेच ट्रान्समीटर येणार. रेडिओ मोकळा झाला आणि ॲन्टेना तिथेच राहिला.

त्या काळात यावर उपाय म्हणजे हात. हसलर कंपनीचे रेझोनेटर बघा, प्रत्येक बँडला वेगळी कॉईल, टोकाला छोटी सळई आणि तिला कसायला बारीक स्क्रू. वेबस्टर कंपनीच्या बँडस्पॅनर ॲन्टेनात वरची काडी आत-बाहेर सरकवून जुळवायचं. बग कॅचरवाले कॉईलच्या वेढ्याला क्लिप लावायचे, बँड बदलला की क्लिप दुसऱ्या वेढ्यावर. पद्धत कुठलीही असो, कवायत एकच. गाडी बाजूला घ्या, उतरा, सळई पाव इंच खाली करा, परत आत बसा, कॅरिअर (साधा सिग्नल) टाका, मीटर बघा, चुकलं, परत उतरा. त्यात आणखी एक वैताग म्हणजे तुम्ही ॲन्टेनाशेजारी उभे असता तेव्हाचं ट्यूनिंग वेगळं आणि लांब गेलात की वेगळं, कारण तुमचं शरीरही कपॅसिटन्स देतं. मी रेझोनेटरवर बरीच वर्षं काढलीयेत आणि तो बारीक ॲलन स्क्रू संध्याकाळच्या अंधारात गवतात पडला की काय वाटतं ते ज्याचा पडलाय त्यालाच कळतं.

१९७९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हॅम लोकांना १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झला तीन नवे बँड दिले. आनंदाची गोष्ट, पण गाडीवाल्यांना म्हणजे आणखी तीन कॉईल सांभाळा.

मोटर लावायची कल्पना अगदी नवी नव्हती. विमानांत फार आधीपासून ट्रेलिंग वायर असायची, उडताना शेपटीसारखी लांब तार खाली सोडायची आणि रिळावरून हवी तेवढी आत-बाहेर करून जुळवायची, सुरुवातीला हाताने फिरवून आणि पुढे मोटरने. म्हणजे बसल्या जागी ॲन्टेनाची लांबी बदलायची हे विमानवाल्यांना माहीत होतं. गाडीला अडचण होती ती अशी की मोटर छोटी हवी, गाडीच्या बॅटरीवर चालायला हवी, वेग कमी आणि जोर जास्त हवा, आणि खिशाला परवडायला हवी. अशी गिअरसकटची मोटर वेगळी बनवायला गेलं तर बराच खर्च.

ती मिळाली हार्डवेअरच्या दुकानात. १९८० च्या दशकात बॅटरीवरचे कॉर्डलेस स्क्रूड्रायव्हर घरोघरी आले, आणि त्यात नेमकं हेच होतं, छोटी डीसी मोटर, पुढे गिअर, हळू फिरणारा पण दणकट शाफ्ट. कॅलिफोर्नियाचा डॉन जॉनसन, कॉलसाईन डब्ल्यू६एएक्यू, या गड्याने स्क्रूड्रायव्हर फोडून त्याची मोटर ॲन्टेनात घातली. त्याची डीके-३ ही रचना १९९० च्या आसपास हॅम लोकांत पसरली आणि तेव्हापासून या सगळ्या जातीला स्क्रूड्रायव्हर ॲन्टेना हेच नाव पडलं. आज आत दुसरीच औद्योगिक मोटर असली तरी नाव तेच. अनेकांना वाटतं आत स्क्रू फिरतो म्हणून हे नाव, फिरतो खरा, पण नाव त्या हत्यारावरून आलंय.

आतली रचना इतकी सरळ आहे की बघून वाटतं हे आधी कुणाला कसं नाही सुचलं. खाली धातूची जाड नळी, तिच्या बुडात मोटर. मोटर एक आटे पाडलेला लांब रॉड फिरवते. रॉडवर एक नट, आणि नट बसवलाय कॉईलच्या फॉर्मरला (ती ज्यावर गुंडाळलीय त्या नळकांड्याला), जो स्वतः फिरू शकत नाही, त्यामुळे रॉड फिरला की कॉईल वर किंवा खाली सरकते. नळीच्या तोंडाशी आतल्या बाजूला स्प्रिंगसारख्या लवचीक पट्ट्यांची गोल रांग असते, बहुधा बेरिलियम कॉपरची, ती कॉईलच्या वेढ्यांना चिकटून घासत राहते. कॉईलचा जेवढा भाग नळीच्या बाहेर तेवढाच कामाचा, आत राहिलेला भाग नळीने झाकलेला आणि शॉर्ट झालेला. कॉईल पूर्ण बाहेर काढली की ८० मीटर, पूर्ण आत घेतली की नळी आणि काडी मिळून १० मीटरचा ॲन्टेना. मधलं सगळं अखंड, कुठेही थांबा. आणि हे करताना तुम्ही सीटवर बसलेले, एक हात वर-खाली बटणावर, डोळे मीटरवर. बाहेर पाऊस असला तरी काय फरक पडतो.

लाट मात्र उठली ती रिग बारीक झाल्यावर. १९९३ मध्ये केनवूडचा टीएस-५०एस आला, शंभर वॅटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) सेट आणि आकार जवळपास कार स्टिरिओचा. १९९५ ला आयकॉमचा आयसी-७०६, त्याचं तोंडच वेगळं काढून डॅशवर लावता यायचं. आता कुठल्याही छोट्या गाडीत सगळे बँड बसले आणि पुन्हा तेच झालं, रेडिओ पुढे गेला, ॲन्टेना मागे राहिला, फक्त यावेळी उत्तर तयार होतं. हाय सिएरा, टारहील अशी नावं याच काळात झाली. दशकाच्या शेवटी यासूने एटीएएस-१०० हा ॲन्टेना आणला, त्यात मोटरला वेगळी वायरच नाही, रिग ॲन्टेनाच्या केबलमधूनच (कोॲक्स) डीसी पाठवते, एका व्होल्टेजला वर, दुसऱ्याला खाली, आणि एसडब्ल्यूआर बघून स्वतःच थांबते. सोय जबरदस्त. आकार लहान ठेवल्यामुळे तो ४० मीटरपर्यंतच जातो आणि तिथेही मोठ्या कॉईलवाल्यांची बरोबरी करत नाही, पण तो विकला गेला सोयीवर.

यावर एक वेगळा पंथही आहे, ऑटोट्यूनरवाल्यांचा. साधी काडी लावा, बुडाशी आपोआप जुळवणारा डबा बसवा, संपलं, हलणारा भागच नाही. ऐकायला छान वाटतं, पण तिथे सगळी कॉईल बुडाशी येते, जिथे ती सर्वात कमी कामाची, आणि त्या छोट्याशा डब्यातल्या कॉईलचा तोटा वेगळाच. रिगला १:१ दिसतं म्हणून हवेत सिग्नल गेला असं नसतं. उलट स्क्रूड्रायव्हर ८० मीटरवर रेझोनन्सला आणला आणि बुडाशी मॅचिंगची शंट कॉईल नसतानाही एसडब्ल्यूआर १:१ आला तर मला आनंद होत नाही, संशय येतो. चांगल्या ॲन्टेनाचा तिथला एकूण रेझिस्टन्स ५० ओमच्या बराच खाली असायला हवा. तो ५० झालाय म्हणजे उरलेले ओम कुठेतरी तोट्यातून आलेत, बहुतेक माउंट आणि बॉडीच्या खराब जोडातून.

मोटरने नवे त्रासही आणले, ते सांगायलाच हवेत. मोटरच्या वायरी ॲन्टेनाच्या गरम भागातून निघतात, त्यामुळे त्यांना फेराइटच्या गाभ्यावर भरपूर वेढे देऊन चोक केला नाही तर आरएफ (ट्रान्समीटरची पॉवर) त्या वायरीवरून गाडीत शिरतो आणि ट्यूनिंगही भरकटतं. त्या लवचीक पट्ट्यांवर धूळ आणि ऑक्साईड साचलं की मीटरची सुई नाचायला लागते, कॉईल दोन-चारदा पूर्ण वर-खाली केली की बऱ्याचदा ठीक होतं, नाही झालं तर उघडून साफ करा. टोकाला जाऊन मोटर अडली आणि बटण दाबूनच ठेवलं तर फ्यूज तरी जातो नाहीतर गिअर, म्हणून नंतरच्या कंट्रोलरमध्ये करंट वाढला की थांबायची सोय आली. रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालणारा) आणि लोहचुंबक लावून फेरे मोजायची सोयही आली, म्हणजे अमुक फेऱ्यांवर ४० मीटर, तमुकवर २०, बटण दाबा आणि तिथे जाऊन थांबेल.

गाडी बदलली तो वेगळाच किस्सा. पूर्वी लोखंडी बंपर असायचे, साखळी किंवा क्लॅम्पने माउंट आवळलं की जमीन (ग्राउंडचा जोड) मिळाली. बंपर प्लास्टिकचे झाले आणि लोक टो हिचवर, डिकीच्या कडेवर, बिजागरीवर सरकले, आणि बॉनेट, दरवाजे, सायलेन्सरचा पाइप हे सगळं विणलेल्या (ब्रेड) वायरने एकमेकांना जोडत बसायची वेळ आली. इतका जड ॲन्टेना लोहचुंबकाच्या बुडावर लावणारेही आहेत, पण चुंबक आणि पत्रा यांच्यात रंगाचा थर असतो, खरा जोड होत नाही, आणि हायवेला वारा लागला की आरशात बघत बसावं लागतं. कॉईल वर आलेली असताना तो सगळा भार वरच्या टोकाला जातो, म्हणून माझी सवय अशी की निघताना कॉईल पूर्ण आत, आणि पार्किंगच्या कमी उंचीच्या फाटकाआधी तर नक्कीच, तरी काडीचं टोक एकदा ट्यूबलाइटला लागलंच.