पक्षनोंदणी (अमेरिका)

अमेरिकेत मतदारयादीत नाव घालताना आपण कोणत्या राजकीय पक्षाचे, हे अर्जावर नोंदवण्याची पद्धत. सुमारे तीस राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीमध्ये ही नोंद होते. टेक्सास, जॉर्जिया, इलिनॉय, मिशिगन, व्हर्जिनिया अशा राज्यांत अर्जावर पक्षाचा रकानाच नसतो आणि नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. पक्ष लिहिणे ऐच्छिक असते. त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही, सभांना जावे लागत नाही, पक्षाची घटना मान्य केल्याची सही द्यावी लागत नाही. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत प्रत्येक मतदार हव्या त्या उमेदवाराला मत देऊ शकतो. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्याने रिपब्लिकन उमेदवाराला मत दिले, तरी ते कोणाला कळत नाही. या नोंदीचा मुख्य उपयोग एवढाच की पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत तिच्यामुळे मत देता येते.

भारतातून गेलेल्या माणसाला हा रकाना चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे मतदारयादीसाठी भरायच्या नमुना ६ मध्ये पक्षाबद्दल काहीच विचारत नाहीत आणि तिकीट कोणाला द्यायचे ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुकांच्या मुंबई-दिल्लीच्या फेऱ्या, शेवटच्या दिवशी हातात पडणारा एबी फॉर्म, त्यानंतरची बंडखोरी हे सारे महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले आहे. अमेरिकेत उमेदवारीचा तोच निर्णय बहुतांशी सामान्य मतदार मत देऊन करतो. त्यामुळे ‘आपल्याला कशाला राजकारण’ म्हणून रकाना कोरा सोडणारा नवा नागरिक अनेक राज्यांत नकळत आपला अर्धा मताधिकार सोडून देतो. हे बहुतेकांना फार उशिरा, प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरून परत फिरताना कळते.

उगम

एकोणिसाव्या शतकात उमेदवार पक्षाच्या बैठकांत आणि अधिवेशनांत ठरत. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलसारख्या संघटनांत ही सूत्रे मोजक्या पुढाऱ्यांच्या हाती एकवटली होती. त्याविरुद्ध सुधारणावाद्यांनी थेट प्रायमरीची मागणी लावून धरली. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी रेटलेला प्रायमरीचा कायदा १९०४ साली मतदारांनी मंजूर केला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. मग लगेच पुढचा प्रश्न आला. पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे कोणी? विरोधी पक्षाच्या लोकांनी रांगेत उभे राहून मुद्दाम दुबळा उमेदवार निवडून दिला तर काय करायचे? या धास्तीतून मतदाराचा पक्ष आधीच सरकारदरबारी नोंदवून ठेवण्याची पद्धत रुळली.

प्रायमरीच्या दारावर कोणाला अडवायचे हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो, पण त्याचा इतिहास कटू आहे. टेक्सासमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाने आपली प्रायमरी केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती. पक्ष ही खासगी संघटना आहे, ती आपले सभासद निवडू शकते, असा त्यावरचा युक्तिवाद होता. त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा असे. म्हणजे कृष्णवर्णीय नागरिकाला नोव्हेंबरात मत देता आले तरी तोवर सगळे ठरून गेलेले असे. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी याविरुद्ध दाद मागितली, थर्गूड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली आणि १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. पक्षाचे संघटनस्वातंत्र्य आणि नागरिकाचा मताधिकार यांतली ओढाताण मात्र तिथे संपली नाही. कनेक्टिकटच्या रिपब्लिकन पक्षाला अपक्ष मतदारांना आपल्या प्रायमरीत घ्यायचे होते, तेव्हा राज्य त्याला अडवू शकत नाही असे १९८६ मध्ये न्यायालयाने म्हटले. पक्षाची इच्छा नसताना सगळ्यांसाठी दार उघडणारी कॅलिफोर्नियाची पद्धत त्याच न्यायालयाने २००० मध्ये रद्द केली.

राज्यागणिक वेगळे नियम

पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, मेरीलँड येथील प्रायमरी बंद आहे, म्हणजे त्या त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येते. एकट्या पेनसिल्व्हेनियात दहा लाखांहून अधिक मतदार डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन मोठ्या पक्षांत नसल्यामुळे बाहेर राहतात. फ्लोरिडाची तऱ्हा तर मतदारावर सरळ अन्याय करणारी आहे. एखाद्या जागेचे सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील, तर ती प्रायमरी सर्वांसाठी खुली करावी अशी घटनादुरुस्ती तिथल्या मतदारांनी १९९८ साली केली. पण मतपत्रिकेवर ज्याचे नावही छापले जात नाही, मतदाराने हाताने लिहायचे असते, असा एखादा नाममात्र उमेदवार उभा राहिला की दार पुन्हा बंद होते. ही पळवाट तिथे वारंवार वापरली गेली आहे.

न्यू जर्सी, जिथे एडिसन आणि जर्सी सिटीच्या आसपास मराठी वस्ती मोठी आहे, अर्धबंद गटात मोडते. पक्ष न नोंदवलेला मतदार जूनमधल्या प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष जाहीर करू शकतो आणि तिथेच मत देऊ शकतो. त्यानंतर मात्र तो त्या पक्षाचा म्हणून नोंदला जातो आणि वेगळा अर्ज देईपर्यंत तसाच राहतो. एका पक्षातून दुसऱ्यात जायचे असेल, तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. न्यू हॅम्पशायरमध्ये मत देऊन बाहेर पडताना सही करून पुन्हा अपक्ष होता येते. कोलोरॅडोत अपक्षाच्या घरी टपालाने दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका येतात. त्यांतली एकच परत पाठवायची, दोन्ही पाठवल्या तर एकही धरत नाहीत.

कॅलिफोर्नियात २०१० मध्ये मंजूर झालेल्या चौदाव्या प्रस्तावानंतर राज्याच्या आणि काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) जागांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरात जातात. तिथे नोंदलेल्या पक्षाचे महत्त्व उरते ते राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीपुरते. अलास्कात पहिले चौघे पुढे जातात.

खुल्या प्रायमरीचे उदाहरण मिशिगनचे. ऑगस्टमधल्या मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन उमेदवारांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. मतदाराने पडद्याआड कोणताही एक रकाना निवडायचा आणि संपूर्ण कागदावर त्याच रकान्यात खुणा करायच्या. एक खूण इकडे आणि एक तिकडे झाली की पक्षीय जागांची मते बाद. टेक्सासमध्येही नोंद नाही, पण प्रायमरीत एका पक्षाची मतपत्रिका घेतली की त्या वर्षी कोणालाच बहुमत न मिळाल्यास होणाऱ्या दुसऱ्या फेरीत दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही.

कोणता पक्ष लिहायचा

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ज्याची धोरणे पटतात तो पक्ष लिहिणे. कर, आरोग्यविमा, स्थलांतर, गर्भपात, बंदुका या विषयांवर दोन्ही पक्षांचे जाहीरनामे सहज मिळतात आणि वाचावेतही. पण हा मार्ग जिथे दोन्ही पक्ष तुल्यबळ आहेत तिथेच पुरेसा पडतो. अमेरिकेतले बरेच मतदारसंघ तसे नाहीत. मोठी शहरे डेमोक्रॅटिक पक्षाकडे, ग्रामीण काउंट्या रिपब्लिकन पक्षाकडे इतक्या झुकलेल्या आहेत की नोव्हेंबरचा निकाल आधीच ठाऊक असतो. तिथे खरी लढत प्रायमरीत होते, आणि तिला येतात थोडे लोक. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी वजनदार खासदार जो क्राउली यांना पाडले, तेव्हा त्या प्रायमरीत तीस हजारांहूनही कमी मते पडली होती. २०२१ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी एरिक अॅडम्स यांनी ७,१९७ मतांनी जिंकली, आणि नोव्हेंबरात ते सहज निवडून आले. शहरातल्या अपक्ष आणि रिपब्लिकन मतदारांना त्या निर्णायक दिवशी बोलण्याची सोय नव्हती.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे. बेळगावात वाढलेले ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटचा मोठा भाग असलेल्या तेराव्या मतदारसंघातून ते काँग्रेससाठी उभे राहिले. प्रायमरीत इतके उमेदवार होते की साधारण २८ टक्के मते जिंकायला पुरली. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने पुढची लढत नावापुरतीच होती. ज्यांना ठाणेदार हवे होते त्यांनी आणि ज्यांना नको होते त्यांनीही जे काही करायचे ते ऑगस्टमध्येच करणे भाग होते.

म्हणून बंद प्रायमरीच्या राज्यात, एकतर्फी भागात राहणारे कित्येक मतदार आपल्या आवडीचा पक्ष बाजूला ठेवून त्या भागात जिंकणाऱ्या पक्षात नाव नोंदवतात. आपल्याला त्यातल्या त्यात बरा वाटणारा उमेदवार तरी पुढे जावा, हा हेतू. यात लबाडी आहे असे पक्षांच्या कार्यकर्त्यांना वाटते. त्यांची बाजू अगदीच निराधार नाही, कारण केवळ खोडा घालण्यासाठी दुसऱ्या पक्षात शिरणारेही असतात. परंतु ज्याच्यावर पुढची दोन किंवा चार वर्षे राज्य होणार आहे, त्या नागरिकाला राज्यकर्ता निवडण्याच्या एकमेव खऱ्या प्रसंगी भाग घ्यावासा वाटला, तर त्याला दोष देता येत नाही. कायदाही साधारणपणे त्याच्या निष्ठेची परीक्षा घेत नाही. युटामध्ये २०२० च्या गव्हर्नर प्रायमरीआधी अनेक डेमोक्रॅट रिपब्लिकन पक्षात नोंदले गेले. पुढच्या वर्षी विधिमंडळाने उपाय केला तो मुदतीचा: ३१ मार्चनंतर त्या वर्षीच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलता येणार नाही, असे ठरवले.

अपक्ष राहण्यालाही सबळ कारणे आहेत. दोन्ही पक्षांचा उबग आलेले खूप आहेत. गॅलपच्या २०२३ च्या पाहण्यांत ४३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला अपक्ष म्हटले. मॅसॅच्युसेट्समध्ये निम्म्याहून अधिक मतदार कोणत्याच पक्षात नोंदलेले नाहीत, आणि तिथे त्यांचे नुकसानही नाही, कारण प्रायमरीत त्यांना हवी ती मतपत्रिका मागता येते. छोट्या पक्षांची गोष्ट वेगळी. ग्रीन किंवा लिबर्टेरियन पक्षाला मतपत्रिकेवर जागा टिकवण्यासाठी काही राज्यांत ठरावीक संख्येने नोंदलेले मतदार लागतात, त्यामुळे तिथे प्रत्येक नोंदीला वजन असते.

अपक्ष राहू पाहणाऱ्यांची कॅलिफोर्नियात मोठी फसगत झालेली आहे. तिथल्या अर्जावर पक्षांची यादी इंग्रजी अकारविल्हे असते आणि सर्वांत वर येतो ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’. घाईत वाचणाऱ्याला हाच अपक्षांचा चौकोन वाटतो. प्रत्यक्षात तो १९६७ साली, वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिलेला कडवा उजवा पक्ष. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०१६ मध्ये त्यात नोंदलेल्यांना विचारले, तेव्हा साधारण चारांतल्या तिघांना आपण एखाद्या पक्षात आहोत याचा पत्ताच नव्हता. कोणताच पक्ष नको असेल, तर त्यासाठीचा चौकोन यादीपासून वेगळा असतो. तो शोधून त्यावरच खूण करायची.

मुदती

पक्ष बदलण्याची शेवटची तारीख ही या विषयातली सर्वांत जास्त लोकांना बाधलेली गोष्ट आहे. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत बदल करावा लागे. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी लांबची मुदत पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवली. इलिनॉयचा २३ महिन्यांचा नियम मात्र त्याच वर्षी अतिरेकी म्हणून फेटाळला. २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन प्रायमरीत डोनाल्ड ट्रम्प यांची मुले इव्हांका आणि एरिक वडिलांना मत देऊ शकली नाहीत, कारण पक्ष नोंदवण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरातच उलटून गेली होती. २०१९ नंतर नियम शिथिल झाला आणि जूनच्या प्रायमरीसाठी आता १४ फेब्रुवारीपर्यंत बदल करता येतो. अर्जात पक्ष कोरा ठेवलेल्या जुन्या मतदारालाही हीच तारीख लागू होते. पेनसिल्व्हेनियात प्रायमरीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत मुभा आहे, फ्लोरिडात २९ दिवस.

गोपनीयता

मत गुप्त असते, पक्षाची नोंद गुप्त नसते. नाव, पत्ता, पक्ष आणि कोणत्या निवडणुकीला मतदान केले, ही माहिती बहुतेक राज्यांत प्रचारयंत्रणांना मिळते. त्यामुळे नोंद झाल्यावर पत्रके, फोन आणि दारावरचे कार्यकर्ते वाढतात. ज्या राज्यांत नोंदच नाही, त्यांपैकी इलिनॉय आणि जॉर्जियासारख्या ठिकाणी आपण प्रायमरीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली हे नोंदले जाते, म्हणजे तिथेही पक्ष पुरता झाकला जात नाही.

नवे नागरिक आणि मराठी कुटुंबे

नागरिकत्वाच्या शपथविधीच्या जागी २०२५ पर्यंत ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक मतदार नोंदणीचे अर्ज घेऊन उभे असत, आणि अनेकांना पक्षाचा रकाना आयुष्यात पहिल्यांदा दिसे तो त्या धांदलीत. दुसरी जागा म्हणजे वाहन परवान्याचे कार्यालय. १९९३ च्या राष्ट्रीय कायद्याने तिथेच मतदार नोंदणीची सोय करून दिली. ग्रीनकार्डधारकाने तिथे फार जपले पाहिजे. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणे हा गुन्हा आहे आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का’ असे विचारले जाते. कारकुनाने सवयीने विचारले तरी स्पष्टपणे ‘नाही’ म्हणावे.

करसवलत असलेल्या महाराष्ट्र मंडळांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पण पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणीचे टेबल गणेशोत्सवात लावता येते. अशा टेबलावर राज्याच्या प्रायमरीची तारीख आणि पक्ष बदलण्याची मुदत ठळक लिहून ठेवली, तर तेवढ्याने कितीतरी मते वाचतील.

नोकरीनिमित्त राज्य बदलणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे की पक्षाची नोंद मतदाराबरोबर नव्या राज्यात जात नाही. न्यू जर्सीत अपक्ष राहून ऐनवेळी पक्ष सांगण्याची सवय झालेले कुटुंब नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उपनगरात गेले आणि नव्या अर्जातही रकाना कोरा ठेवला, तर पुढच्या प्रायमरीला त्यांच्यापुढे उमेदवारांची नावे येणार नाहीत. त्या दिवशी एखादा जनमत-प्रश्न किंवा पोटनिवडणूक असेल, तर तेवढ्यापुरते मत त्यांना देता येईल.