संग्राह्य खनिज नमुने (मुंबई)

निसर्गात घडलेला, पैलू न पाडलेला आणि पॉलिश न केलेला स्फटिक हौशी लोक जमवतात, विकत घेतात आणि आपसांत बदलतात. अशा स्फटिकाला किंवा स्फटिकांच्या पुंजक्याला संग्राह्य खनिज नमुना म्हणतात. रत्नाचे मोल त्याला पैलू पाडल्यावर ठरते. नमुन्याला पैलू पाडला तर नमुना म्हणून तो संपतो. त्यामुळे मुंबईत हिऱ्या-माणकांचा एवढा मोठा व्यापार असूनही खनिज नमुन्यांचा धंदा त्यापासून अलगच वाढला. त्याची मुळे झवेरी बाजारात नाहीत, ती दगडखाणींत आहेत.

या धंद्यात महाराष्ट्राचे नाव जगभर झाले ते दख्खनच्या काळ्या कातळामुळे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थरांवर थर पसरले. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ त्यांतून कोमट ते गरम पाणी झिरपत राहिले. कातळातून विरघळलेले कॅल्शियम, सोडियम, सिलिका त्या पाण्याने पोकळीच्या भिंतींवर स्फटिकरूपाने बसवले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट गटातले, म्हणजे आपल्या रचनेत पाणी धरून ठेवणारे खनिज, त्यांच्याच संगतीने येणारा अपोफिलाइट, शिवाय कॅल्साइट आणि क्वार्ट्‌झ म्हणजे आपली गारगोटी, हा या पोकळ्यांतला नेहमीचा ऐवज. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून लोहमार्ग नेण्यासाठी डोंगर फोडला गेला, त्या कामात असे स्फटिक निघाले आणि अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. हा घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला.

मुंबईचा कातळ घाटावरच्या कातळापेक्षा थोडा वेगळा आहे. येथला काही लाव्हा पाण्यात वाहिला आणि उशीसारख्या गोलसर आकारांत थिजला. त्यातली खनिजेही म्हणून निराळी. मालाड आणि कांदिवलीच्या खाणींतून फिकट हिरवा प्रेहनाइट, काळाभोर चकचकीत बॅबिंग्टोनाइट, ओकेनाइट, गायरोलाइट असे नमुने निघाले. त्यांतला बोटांच्या आकाराचा प्रेहनाइट जवळून पाहण्यासारखा आहे. आधी पोकळीत दुसऱ्याच खनिजाचे, बहुतेक वेळा लोमोंटाइटचे, लांब स्फटिक वाढले. त्यांच्यावर प्रेहनाइटची हिरवी साय धरली. मग आतला स्फटिक विरघळून किंवा भुगा होऊन गेला आणि प्रेहनाइटच्या पोकळ नळ्या उरल्या. तुटलेल्या टोकाकडून भिंगाने पाहिले तर गेलेल्या स्फटिकाचा चौकोनी साचा आतून ओळखता येतो. येथे नसलेले खनिजच नमुन्याची किंमत वाढवते.

या खाणी स्फटिकांसाठी कधीच नव्हत्या. शहराला खडी आणि बांधकामाचा दगड हवा होता, त्यासाठी त्या चालल्या. कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि पिवळसर मालाड दगड आजही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत दिसतो. सुरुंग लागल्यावर एखादी पोकळी उघडी पडते. तिथल्या कामगाराने स्फटिक ओळखून छन्नी-हातोड्याने सोडवला तर नमुना हाती येतो, नाहीतर तो क्रशरमध्ये जाऊन त्याची खडी होते. जगभरच्या काचेच्या कपाटांत मांडलेले देखणे नमुने अशा अनाम हातांनी वाचवलेले आहेत, आणि नमुन्यासोबतच्या माहितीच्या चिठ्ठीवर त्यांचा उल्लेख कुठेच नसतो, ही या व्यवहारातली मोठी उणीव आहे. मुंबईच्या बहुतेक जुन्या खाणी आता बंद आहेत आणि बऱ्याच ठिकाणी वस्ती उभी राहिली आहे. त्यामुळे मालाड-कांदिवलीचा माल मुख्यत्वे जुन्या संग्रहांतूनच फिरतो.

आज मुंबईत विकला जाणारा ताजा माल पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या खाणी आणि विहिरींतून येतो. पुण्याजवळच्या वाघोलीचा गडद निळा कॅव्हनसाइट १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रकाशात आला. तोवर हे खनिज अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधून अगदी थोडे माहीत होते. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहिरीत हिरव्या अपोफिलाइटचे गोलाकार पुंजके सापडले. उत्तम नमुने देशात कमी राहतात. दर हिवाळ्यात अमेरिकेत टक्सनला आणि ऑक्टोबरात जर्मनीत म्युनिकला भरणाऱ्या प्रदर्शनांकडे ते जातात. इकडे ठेवलेले पाहायचे तर नाशिकजवळ सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेले गारगोटी संग्रहालय गाठावे.

नमुना घेताना रंगाआधी टोके तपासावीत. स्फटिकाचे टोक मोडलेले असेल तर भाव एकदम उतरतो. अपोफिलाइटला एका दिशेने अगदी सहज पाटन असते, म्हणजे तो त्या दिशेला सपाट फुटतो, म्हणून जरासा धक्काही त्याचे टोक सपाट उडवतो आणि तिथे मोत्यासारखी झाक दिसते. लबाडीही चालते. मुळात पांढऱ्या असलेल्या ओकेनाइटच्या गोळ्याला गुलाबी किंवा निळा रंग देतात, सुटलेला कॅव्हनसाइट पांढऱ्या स्टिल्बाइटवर चिकटवतात, ॲमेथिस्ट म्हणजे जांभळी गारगोटी तापवून पिवळी करतात आणि सिट्रीन, म्हणजे मुळातच पिवळी गारगोटी, म्हणून विकतात. डिंकाची चमक भिंगाखाली लपत नाही. काचेची माळ स्फटिकाची म्हणून गळ्यात मारली जाते, तीत बहुधा बारीक गोल बुडबुडे दिसतात. वास्तू आणि उपचारांसाठी खडे विकणाऱ्या दुकानांमुळे मागणी पुष्कळ वाढली, पण स्फटिक जवळ ठेवल्याने आजार बरा होतो याला वैज्ञानिक आधार नाही. आजाऱ्याला तशा आशेवर खडा विकणे गैरच.

मुंबईच्या दमट हवेत नमुने सांभाळताना प्रत्येकाचा स्वभाव पाहावा लागतो. ओकेनाइट म्हणजे केसांहून बारीक तंतूंचा गोळा. त्याला बोट लावले की तंतू चिकटून बसतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. तो धूत नाहीत, कुंचलाही लावत नाहीत. बुडाचा दगड डबीला पक्का करूनच तो पाठवतात. लोमोंटाइटचे उलट आहे. कोरड्या जागी त्यातले पाणी उडते, स्फटिक पांढुरका पडतो आणि त्याचा भुगा होतो. ॲमेथिस्टचा जांभळा रंग सततच्या उन्हात फिकट होतो. आम्लाने कॅल्साइट काढायचा मोह टाळावा, कारण काही झिओलाइट आम्लात लिबलिबीत होतात.

या सगळ्याहून नाजूक वस्तू म्हणजे नमुन्याबरोबरची चिठ्ठी. तीवर खनिजाचे नाव, खाण किंवा गाव, तालुका आणि सापडल्याचे वर्ष हवे. जुन्या व्यापाऱ्यांनी खरी खाण गुप्त ठेवण्यासाठी सरसकट ‘पूना’ किंवा ‘नाशिक’ लिहून दिले आणि पुढे तेच खरे समजले गेले. खाण चालू असते तोवर ठिकाण पुन्हा पडताळता येते. मालाड-कांदिवलीच्या बाबतीत ती सोय उरलेली नाही, तिथला कातळ अभ्यासायला चिठ्ठी टिकलेले नमुनेच हाताशी आहेत. म्हणून जाणते संग्राहक जुनी चिठ्ठी कितीही मळली तरी फेकत नाहीत, नवी लिहून तिच्यासोबत ठेवतात. नमुन्याच्या बुडाला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालतात आणि तोच क्रमांक वहीत चढवतात.