शिरीन म्हणजे इफिजेनिया नव्हे
'गेम ऑफ थ्रोन्स' या काल्पनिक राज्यांतल्या सत्तासंघर्षाच्या मालिकेच्या पाचव्या पर्वाचा नववा भाग जून 2015 मध्ये दाखवला गेला. सिंहासनावर दावा सांगणाऱ्या स्टॅनिस बराथियनने पोटच्या पोरीला, शिरीनला, चितेवर चढवलं आणि ग्रीक कथा माहीत असलेल्यांना लगेच इफिजेनिया आठवली, ट्रॉयच्या मोहिमेसाठी बापाने, राजा अगॅमेम्नॉनने, बळी दिलेली मुलगी. आठवण अगदी रास्त आहे. पण 'तीच गोष्ट, फक्त नावं बदललेली' असं म्हटलं की दोन्ही मुलींवर अन्याय होतो. (मालिका पाहायची राहिली असेल तर पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे.)

सारखेपणा उघड आहे. ट्रॉयवर निघालेल्या ग्रीकांचं आरमार ऑलिसच्या बंदरात अनुकूल वारा नसल्याने अडकतं, तर विंटरफेल किल्ल्याकडे निघालेली स्टॅनिसची फौज बर्फात रुतते. दोन्हीकडे देवाच्या नावाने बोलणारं माणूस राजाला उपाय सांगतं. दोघेही बाप आधी कचरतात आणि शेवटी मोहीम वाचवायला मुलगी देतात.

पण बळी कशासाठी, हे पाहिलं की वाटा फुटतात. प्रचलित ग्रीक कथेत अगॅमेम्नॉनने आर्टेमिस देवीचा कोप ओढवून घेतलेला असतो. हरीण मारून त्याने फुशारकी मारली, असं ग्रीक नाटककार सोफोक्लीस सांगतो. कॅल्कस हा भविष्यवेत्ता त्या अपराधाची भरपाई काय, एवढंच सांगतो. स्टॅनिसने अग्निदेवाचा कसलाच अपराध केलेला नाही. राजरक्तात शक्ती असते म्हणून ते जाळा आणि विजय घ्या, असा त्या देवाची पुजारीण मेलिसांद्रे हिचा हिशेब आहे. अगॅमेम्नॉन दंड भरतो, स्टॅनिस सौदा करतो. म्हणून मला स्टॅनिस जास्त दोषी वाटतो.

सगळ्यात मोठा फरक मात्र मुलींच्या संमतीत आहे. युरिपिडिसच्या नाटकात (प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 405 च्या सुमारास) इफिजेनियाला ग्रीक वीर अकिलीसशी लग्न लावतो असं खोटं सांगून बोलावून घेतात. खरं कळल्यावर ती बापाच्या पाया पडते, जीव मागते आणि मग ग्रीसच्या नावाने स्वतःहून मरणाला तयार होते. सगळं ठाऊक असताना ती 'हो' म्हणते. शिरीन आपल्या तंबूत पुस्तक वाचत बसलेली असते. बाप चिंतेत आहे हे पाहून तीच विचारते, माझी काही मदत होईल का? तो 'होईल' म्हणतो आणि ती आनंदाने तयार होते. कशाला, ते तिला माहीतच नाही. तो तिला मिठीत घेऊन क्षमा मागतो, तेही तिला उमगत नाही. चितेजवळ पोचल्यावर मात्र ती आईबापांना हाका मारत राहते. त्या आक्रोशाला जवळची आहे ती एस्किलसची इफिजेनिया. त्याच्या इ.स.पू. 458 च्या नाटकात तिने शाप उच्चारू नये म्हणून तोंड बांधून तिला वेदीवर उचलून धरतात. तिथे होकार नाहीच.

आणि ते हरीण! युरिपिडिसच्या नाटकाचा जो शेवट आज आपल्या हाती आहे, त्यात सुरा चालतो त्या क्षणी मुलगी नाहीशी होते आणि वेदीवर हरिणी तडफडत असते. देवीने तिला दूर टॉरिसला नेलं, हे त्याच्याच दुसऱ्या एका नाटकात येतं. हरिणीचा हा शेवट नंतर कुणी जोडला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. मालिकेत शिरीनला स्टॅनिसचा विश्वासू सल्लागार डाव्होस याने लाकडात कोरलेला काळवीट दिलेला असतो. बराथियन घराण्याचं चिन्हही तेच. सहाव्या पर्वात डाव्होसला चितेच्या राखेत तो करपलेला सापडतो. ग्रीक कथेत हरीण मुलीच्या जागी मरतं. इथे मुलगी जळून गेल्यावर हरीण उरतं. लेखकांनी हे मुद्दाम केलं की नाही, माझ्या वाचनाला त्याने फरक पडत नाही.

परिणामही उलटे. अगॅमेम्नॉनला वारा मिळतो, ट्रॉय पडतं. मग घरी परतल्यावर बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला ठार करते, आणि तिच्या तोंडी लेकीचं नाव असतं. स्टॅनिसचं बर्फ वितळतं, पण निम्मी फौज घोड्यांसकट पळते. एरवी लेकीशी कोरडी वागणारी, पण चितेपाशी कोसळलेली आई सेलिस गळफास घेते. स्टॅनिसला ब्रिएन ही योद्धा स्त्री मारते, तेही त्याने घडवलेल्या भावाच्या, रेन्लीच्या, खुनासाठी. शिरीनसाठी जाब विचारायला उरतो तो डाव्होस, ज्याला तिने अक्षरं शिकवली होती. तो मेलिसांद्रेला देहदंड मागतो; विंटरफेल जिंकलेला जॉन स्नो तिला फक्त दक्षिणेकडे हाकलून देतो.