दार लावून बसलेले कादंबरीकार

लोकांपासून लांब राहणाऱ्या लेखकांचा विषय सोलापुरात निघाला की पहिलं नाव येतं जी. ए. कुलकर्णींचं. धारवाड आपल्याला परकं नाही, विजापूर-गदगमार्गे रेल्वेने जोडलेलं आणि तसंच कानडी-मराठी सरमिसळीचं. जीए तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, सभा-संमेलनं टाळायचे. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून वाद उठला, तर त्यांनी पुरस्कारच परत केला. पत्रं मात्र पानंच्या पानं लिहिली. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा आख्खा खंड निघाला. पण जीए कथाकार. कादंबरीतली ही वाट बघायची तर अमेरिकेत जावं लागतं.

जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ आली १९५१ साली. तिचा निवेदक होल्डन शाळेतून काढलेला पोरगा. समोर बसून बोलावं तसा तो बोलतो, आणि म्हणतो, पुस्तक असं हवं की संपल्यावर लेखकाला फोन करावासा वाटावा. वाचकांनी ते फारच मनावर घेतलं! सॅलिंजर १९५३ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश गावी राहायला गेले. सुरुवातीला शाळकरी मुलांशी त्यांच्या गप्पा रंगत. त्यातल्या एका मुलीला दिलेली मुलाखत स्थानिक दैनिकात झळकली. मग मुलांशी गप्पा थांबल्या आणि घराला उंच कुंपण पडलं. १९६५ नंतर, २०१० साली मरेपर्यंत, नवी गोष्ट छापली नाही. आपल्याकडे एक दिवाळी अंक हुकला तरी लेखकाचा जीव खालीवर होतो.

थॉमस पिंचन यांचा मामला अगदी उलटा. ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’ (१९७३) म्हणजे जर्मन रॉकेटं, रसायनशास्त्र, चावट गाणी आणि शेकडो पात्रांचा गोंधळ. त्यात लेखकाचा खासगी आवाज शोधू म्हटलं तर हाती लागत नाही. १९७४ मध्ये तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, तेव्हा पिंचन यांच्या जागी इर्विन कोरी हा विनोदी नट मंचावर आला, असंबद्ध भाषण ठोकून गेला. वर एक नागडा इसम मंचावरून धावत गेला. पुलित्झर या दुसऱ्या मोठ्या पुरस्कारासाठी परीक्षकांनी तिची शिफारस केली होती, पुरस्कार मंडळाने ती फेटाळली. पिंचन छापणं मात्र थांबले नाहीत. २०२५ मध्येही कादंबरी आली. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेत तर डोक्यावर कागदी पिशवी घातलेलं त्यांचं पात्र त्यांच्याच आवाजात बोललं. वावडं आहे ते फोटोचं, जगाचं नाही.

डॉन डिलिलो यांनी १९९१ च्या ‘माओ टू’मध्ये अशाच दडलेल्या कादंबरीकाराला नायक केलं.

इटलीच्या एलेना फेरांते १९९२ पासून टोपणनावाने लिहितात. मैत्री, मत्सर, आई-मुलीतली कटुता त्या इतक्या आतून सांगतात की आत्मचरित्रच वाटावं. २०१६ साली एका पत्रकाराने पैशांच्या आणि घरखरेदीच्या नोंदी उकरून त्यांची ओळख सांगितल्याचा दावा केला, तर कितीतरी वाचक उलट त्याच्यावरच चिडले. मला वाटतं, निवेदन जितकं कानाशी येतं तितकी लेखकाची शोधाशोध वाढते. सॅलिंजर आणि फेरांते यांना ते भोवलं. पिंचनबाबतही कुतूहल खूप, पण ते बरंचसं कोडं सोडवण्याचं.

सोलापूरचे त्र्यं. वि. सरदेशमुख, ‘डांगोरा एका नगरीचा’साठी २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले, यांना काहीजण याच रांगेत बसवू पाहतात. ते पटत नाही. ते दडून बसले नव्हते. पुण्या-मुंबईपासून लांब राहून लिहीत होते, एवढंच.