देवदूतवाचक नावे

देवदूतवाचक नावे : यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांतील देवदूतांवरून किंवा ‘देवदूत’ या अर्थाच्या शब्दांवरून मुलांना ठेवली जाणारी नावे. मायकेल, गॅब्रिएल, राफाएल, अँजेला, मलाइका, फरिश्ता, रिझवान ही त्यांतली आपल्याकडे ओळखीची.

पंख, पांढरी वस्त्रे, डोक्यामागचे तेजोवलय हे सारे चित्रकारांनी रुजवले. मूळ शब्दांत यातले काहीच नाही. हिब्रू ‘मलाख’चा अर्थ निरोप्या. बायबलच्या ग्रीक भाषांतरात त्याच्या जागी ‘अँगेलोस’ आला, तोही निरोप्याच; पुढे लॅटिन ‘आंजेलुस’, पोर्तुगीज ‘आंजो’ आणि गोव्याच्या कोकणीतला ‘आंज’. ग्रीक ‘एव्हांगेलिऑन’ म्हणजे चांगला निरोप. मराठी ख्रिस्ती लोक त्यालाच ‘शुभवर्तमान’ म्हणतात, आणि एव्हांजेलीन हे मुलीचे नाव त्यावरूनच आले. फारसी ‘फरिश्ता’ तर आपल्या फारच जवळचा आहे. ‘फ्र’ हा उपसर्ग म्हणजे संस्कृत ‘प्र’, आणि पुढे ‘पाठवणे’ या अर्थाचा धातू. मराठीतला ‘प्रेषित’ हा त्याचा सख्खा नातेवाईक. फरिश्ता हे टोपणनाव घेणारा इतिहासकार मुहंमद कासिम लहानपणी अहमदनगरच्या निजामशाहीत वाढला आणि 1589 मध्ये विजापूरला गेला.

‘देवदूत’ हा शब्द मराठीत बायबलच्या भाषांतराने आणला, असा समज असेल तर तो सोडावा. महाभारताच्या वनपर्वात मुद्गल ऋषींना स्वर्गात न्यायला विमान घेऊन देवदूत येतो. बौद्धांच्या पाली ‘देवदूत सुत्ता’त तर अर्थ आणखी गहिरा होतो : तान्हे मूल, म्हातारा, आजारी, शिक्षा भोगणारा अपराधी आणि प्रेत हेच पाच देवदूत. त्यांना पाहूनही जो जागा झाला नाही, त्याला यम जाब विचारतो.

बायबलमधल्या देवदूतांची नावे ही छोटी वाक्येच आहेत. शेवटचे ‘एल’ म्हणजे देव. गॅब्रिएल : देव माझे बळ. राफाएल : देवाने बरे केले; टोबीतच्या ग्रंथात हाच देवदूत आंधळ्या टोबीतला दृष्टी मिळवून देतो. उरिएल : देव माझा प्रकाश. मायकेलचा अर्थ नावांच्या याद्यांत सर्रास ‘देवासारखा’ असा दिलेला असतो. तो चुकीचा, किंबहुना उलटा आहे. ‘मी-खा-एल’ हा प्रश्न आहे : देवासारखा कोण? उत्तर अर्थातच, कोणी नाही. मुलाचे नाव मायकेल ठेवणाऱ्या आईबापांनी एवढे तरी जाणून घ्यावे.

हिब्रू बायबलमध्ये देवदूत म्हणून मायकेल आणि गॅब्रिएल ही नावे फक्त दानिएलाच्या ग्रंथात येतात. देवदूतांची नावे यहुदी लोक बाबिलोनहून परतताना त्यांच्याबरोबर आली, असे तालमूद या यहुदी धर्मग्रंथातच म्हटले आहे. 745 मध्ये रोमच्या धर्मसभेने उरिएलसह इतर नावांची उपासना नाकारली, आणि कॅथलिकांत मायकेल, गॅब्रिएल व राफाएल ही तीनच मान्य राहिली. या तिघांचा एकत्रित सण 29 सप्टेंबरला असतो. गोव्यात मिगेल, गाब्रिएल, राफाएल ही रूपे पोर्तुगीजांमुळे रुळली. हणजुण्याचे चर्च सेंट मायकेलचे, आणि माहीमचेही. माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे खास प्रार्थनेला, सर्व धर्मांची माणसे येतात.

‘एल’ने संपणारे प्रत्येक नाव मात्र देवदूताचे नसते. सॅम्युएल, इझिकिएल, डॅनिएल ही माणसांची, संदेष्ट्यांची नावे. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने ती मराठी वळणावर नेली : मुंबईत 1796 मध्ये सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात.

इस्लाममध्ये गॅब्रिएलचा जिब्रील आणि मायकेलचा मीकाईल होतो. रिझवान हा परंपरेनुसार स्वर्गाचा द्वारपाल. शब्दाचा अर्थ प्रसन्नता, संतोष. ‘मलाइका’ हे अरबी ‘मलक’चे अनेकवचन आहे, म्हणजे एकाच मुलीला ‘देवदूत’ असे बहुवचनी नाव पडते. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत मात्र तोच शब्द एकवचनी झाला. देवदूतांना स्त्रीनामे देणाऱ्यांवर कुराणात (53:27) टीका असल्याने मुलींना अशी नावे देणे काही धर्मपंडितांना पसंत नाही. ‘मलक’ आणि ‘मलिक’ यांची गल्लत नेहमी होते. ‘मलिक’ म्हणजे राजा, सरदार. मलिक अंबरचा ‘मलिक’ हा दुसरा.

‘परी’ हे लाडाचे नावही या यादीत घातले जाते, पण तिचे कूळ वेगळे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातली ‘पइरिका’ ही दुष्ट, भुरळ घालणारी स्त्रीशक्ती होती. फारसी काव्यात येईपर्यंत ती सुंदर आणि निरुपद्रवी झाली, आणि आपल्याकडे आली ती तशीच. ‘देवदत्त’ही वेगळा : देवाने दिलेला, देवाने पाठवलेला नव्हे.