कॅप आणि ब्रिज: हिशेब मुळांचा

“खालच्या बाजूला मी तीन कॅप बसवून घेतल्या आहेत,” असे सांगत रुग्ण तोंड उघडतो आणि आत दिसतो तो ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवरच्या टोप्या आणि मध्ये गेलेल्या दाताच्या जागी खोटा दात, अशी एकसंध जोडणी. हे इतक्या वेळा घडले आहे की आता ऐकीव माहिती बाजूला ठेवून मी आधी आरसा हातात घेतो. दोष एकट्या रुग्णाचा नाही. आपल्याकडे दवाखान्याचा आणि लॅबचा हिशेब युनिटवर, म्हणजे बनवलेल्या दातांच्या संख्येवर, चालतो. गेलेल्या एका दातासाठी केलेला नेहमीचा ब्रिज तीन युनिटचा भरतो, आणि कागदावरच्या तीन युनिटच्या घरी पोहोचेपर्यंत तीन कॅप झालेल्या असतात.

कॅप बहुतेकांना माहीत असते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. रूट कॅनाल झालेली दाढ कीड काढताना आणि नसेपर्यंत पोहोचताना पोखरली गेलेली असते. चावताना ती चिरू नये म्हणून चहूबाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर घासून तिच्यावर टोपी चढवतात. माप, कच्ची कॅप, ट्रायल आणि शेवटी सिमेंट हा क्रम ब्रिजलाही तसाच लागू असतो. धातूवरचे सिरॅमिक घ्यावे की झिर्कोनिया (पांढरे, कठीण सिरॅमिक), हा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच आहे आणि माझ्या मते त्यावर गरजेपेक्षा फार जास्त चर्चा होते.

खरा फरक हिरडीच्या खाली आहे. कॅप स्वतःच्या मुळावर उभी असते. ब्रिजमधल्या मधल्या दाताला मूळच नसते. तो हिरडीला टेकलेला दिसला तरी त्याचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या दातांवर जातो, आणि त्यासाठी ते दात निरोगी असले तरी घासावे लागतात. खालची पहिली दाढ, म्हणजे सहाव्या वर्षी येणारी, गेली आहे असे समजा. पुढच्या उपदाढेला सहसा एक मूळ असते, मागच्या दाढेला दोन आणि गेलेल्या दाढेलाही दोनच होती. पूर्वी पाच मुळांनी वाटून घेतलेले काम आता तीन मुळे करतात. आधाराच्या दातांच्या मुळांचे क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नसावे, हा दंतवैद्य आन्टे यांनी 1926 मध्ये मांडलेला नियम आज कोणी काटेकोरपणे पाळत नसले, तरी त्यातला विचार खोटा ठरलेला नाही. म्हणूनच लागोपाठ दोन-तीन दाढा गेलेल्या असताना “दोन्हीकडे एकेक कॅप घालून मध्ये दात जोडून द्या” ही मागणी मी सहसा मान्य करत नाही.

भाराची ही गोष्ट समजावली की पटते. ज्याने माणसे खरोखर फसतात ते पुढेच आहे. एकट्या कॅपचे सिमेंट सुटले तर ती हलते, जेवताना निघून हातात येते, आणि रुग्ण ती कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर होतो. ब्रिजचे एका टोकाचे सिमेंट सुटले तरी दुसरे टोक त्याला धरून ठेवते. ब्रिज पडत नाही, बहुधा जाणवण्याइतका हलतही नाही, पण सुटलेल्या टोपीखाली लाळ आणि अन्नाचे कण जात राहतात आणि आतला दात किडू लागतो. त्या दाताचे रूट कॅनाल झालेले असेल तर त्यात नस उरलेली नसते, त्यामुळे ठणका लागून कळण्याची सोयही राहत नाही. वास येतो अशी तक्रार अनेकदा रुग्णाची नसतेच, घरच्यांची असते. “डॉक्टर, ब्रिज तर एकदम घट्ट आहे,” असे सांगणाऱ्या एका काकांचा ब्रिज मी कडेने किंचित उचलून पुन्हा दाबला, तेव्हा मागच्या दाढेच्या काठाशी लाळेचे बारीक बुडबुडे आले. ब्रिज कापून काढल्यावर टोपीच्या आत दाढेच्या जागी मऊ, तपकिरी लगदा होता. पुढचे टोक मात्र शेवटपर्यंत घट्ट होते, आणि त्याच भरवशावर काका निश्चिंत राहिले होते.

‘कॅप घातली, आता दाताला कीड लागणार नाही’ हे वाक्यही मला ऐकवत नाही. सिरॅमिकला कीड लागत नाही हे खरे, पण कॅपची कड जिथे संपते तिथून पुढे दात आपलाच असतो आणि कीड तिथूनच शिरते. लॅबच्या वॉरंटी कार्डावर दहा-पंधरा वर्षे छापलेली असतात, पण ती हमी झिर्कोनियाची असते. आतल्या दाताची हमी कोणतीही लॅब देत नाही. ‘फिक्स’ या शब्दाचा अर्थही इतकाच की ते कवळीसारखे रात्री काढून ठेवता येत नाही. तो शब्द आयुष्यभराचे आश्वासन नव्हे.

माझे मत विचाराल तर, शेजारचे दोन्ही दात मोठे फिलिंग किंवा रूट कॅनाल झालेले असतील आणि त्यांना तशीही कॅप लागणार असेल, तर ब्रिज हा चांगला सौदा आहे. ते दोन्ही दात अनाघ्रात असतील आणि हाड पुरेसे असेल, तर मी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरचा दात, सुचवतो. खर्च जास्त आणि काही महिन्यांचा धीर धरावा लागतो हे मान्य, पण घासून टाकलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही.

ब्रिज असलेल्यांसाठी सफाईचीही रीत वेगळी आहे. कॅपच्या दोन्ही बाजूंनी साधा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करण्याचा दोरा, वरून खाली जातो, ब्रिजमध्ये तिन्ही दात एकसंध असल्याने तो वरून जातच नाही. कडक टोकाचा फ्लॉस गालाच्या बाजूने मधल्या दाताखाली ओवून जिभेच्या बाजूला काढावा लागतो आणि आधाराच्या दोन्ही दातांच्या कडांवरून फिरवावा लागतो. फट मोठी असेल तर दातांमधला बारीक ब्रश चालतो. तो दोरा रोज एकाच टोकाशी घाण वास घेऊन बाहेर येत असेल, तर ब्रिज कितीही घट्ट वाटला तरी ते टोक तपासून घ्यावे.