रेड म्हणजे मोठा डंजन नव्हे

नाशिकच्या कॉलेज रोडचं गेमिंग कॅफे असो की सिडकोतल्या घरचा पीसी, ऑनलाइन गेममधल्या रेडला, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून लढायच्या मोठ्या मोहिमेला, पहिल्यांदा येणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "डंजन शंभरदा केलेत. रेड म्हणजे तेच, फक्त माणसं जास्त." हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी बाकीच्या सात किंवा एकोणीस जणांची अख्खी रात्र वाया जाते.

डंजन, म्हणजे चार-पाच जणांची छोटी मोहीम, तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्यात फार शिरत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पाच जण: एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये चार. टँक बॉसला, म्हणजे मुख्य शत्रूला, स्वतःकडे ओढून धरतो, हीलर त्याला जिवंत ठेवतो, बाकीचे, म्हणजे डीपीएस, मारतात. अर्ध्या तासात काम होतं.

रेडचे वरवरचे फरकही पटकन सांगून टाकतो. फायनल फँटसीत आठ जण: दोन टँक, दोन हीलर, चार डीपीएस. अलायन्स रेड या मोठ्या प्रकारात चोवीस. वॉरक्राफ्टमध्ये नॉर्मल आणि हीरोइक या पातळ्यांना १० ते ३०, सगळ्यात अवघड मिथिकला बरोबर २०. २००४ साली गेम आला तेव्हा मोल्टन कोअर या रेडला चाळीस जण लागायचे. वरच्या पातळीच्या रेडमधली लूट, म्हणजे बॉसकडून मिळणारं सामान, आठवड्यातून एकदाच मिळते. हे सगळं दोन दिवसांत अंगवळणी पडतं, त्यानं कुणी अडत नाही.

माणूस अडतो तो इथे: डंजनमध्ये तुम्हाला भूमिका असते, रेडमध्ये नेमून दिलेलं काम असतं.

गणपतीच्या आरतीला गल्लीत पाच पोरं ढोल वाजवतात, तेव्हा एकाचा ठोका चुकला तरी आरती होते. पथकाच्या मिरवणुकीत तसं चालत नाही. तिथे तुमची रांग ठरलेली, रांगेतली जागा ठरलेली, ताशाच्या इशाऱ्यावर वळायचं कधी तेही ठरलेलं. "मला ढोल वाजवता येतो" एवढ्यावर तिथे भागत नाही. तसंच "मी डीपीएस आहे" हे रेडमध्ये पुरेसं उत्तर नाही. "पहिल्या फेरीत मी वायव्येला, चार नंबरच्या खुणेवर" हे उत्तर आहे.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण फायनल फँटसीतल्या दोन खुणांचं. स्टॅकची खूण एकाच्या डोक्यावर येते आणि त्या माऱ्याचं नुकसान वर्तुळात उभ्या असलेल्या सगळ्यांत वाटलं जातं. आठ जण असतील तर प्रत्येकी आठवा हिस्सा. एक जण बाहेर राहिला तर उरलेल्या सातांवर सुमारे १४ टक्के जास्त, ते बऱ्याचदा निभावतं. चारच पोचले तर प्रत्येकावर दुप्पट, आणि तिथे चौघेही पडतात. स्प्रेडची खूण याच्या बरोब्बर उलट: ती प्रत्येकावर येते आणि प्रत्येकाचं वर्तुळ वेगळं राहायला हवं. दोन वर्तुळं एकमेकांवर चढली की दोघांनाही दोन-दोन मार बसतात. इथे डंजनची सवय घात करते. घाबरलेला नवखा हीलरजवळ पळतो. डंजनमध्ये तसं पळाल्यानं सहसा काही बिघडत नाही. स्प्रेडच्या वेळी तो स्वतःबरोबर हीलरलाही मारतो.

म्हणून जागा आधी ठरवतात. मैदानावर ए, बी, सी, डी आणि १ ते ४ अशा आठ खुणा टाकता येतात. बॉस ओढण्याआधी आठही जणांनी आपापल्या खुणेवर एकदा जाऊन उभं राहायचं. अर्धं मिनिट लागतं. "कळलं, कळलं" म्हणत हे टाळणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. दोघांना एकच जागा कळलेली असते, हे तिथे उभं राहिल्यावरच दिसतं.

टँकचंही तेच. डंजनमध्ये टँक एकटाच असतो, त्यामुळे बॉस दुसऱ्याकडे सोपवायचा प्रश्न येत नाही. रेडमध्ये अनेक बॉस टँकवर असा डीबफ (कमजोर करणारा परिणाम) चढवतात की पुढचा मार त्याला झेपणारच नाही. ठरलेल्या क्षणी दुसऱ्या टँकनं टॉन्ट मारून, म्हणजे बॉसचं लक्ष स्वतःकडे ओढून, तो घ्यायचा. पहिला टँक उत्तम खेळतोय आणि दुसरा झोपलाय, तरी वाइपच, म्हणजे सगळे मेले. उलट चूकही तितकीच होते: फायनल फँटसीत दोन्ही टँक स्टान्स (बॉसचं लक्ष स्वतःकडे ठेवणारा मोड) चालू ठेवतात, बॉस गर्रकन तोंड फिरवतो आणि समोरचा मारा सगळ्यांवर येतो. दुसऱ्यानं आपली पाळी येईपर्यंत स्टान्स बंद ठेवायचा.

मेलेल्याला उठवता येतं, मग एवढी भीती कशाला, असंही विचारतात. उठवणं फुकट नसतं. फायनल फँटसीत हीलरकडे १०,००० एमपी (जादूची शक्ती), एकाला उठवायला २,४०० जातात. उठलेल्यावर वीकनेस बसतो, १०० सेकंद ताकद २५ टक्क्यांनी कमी. त्यात पुन्हा मेलात तर ५० टक्के. वॉरक्राफ्टच्या रेडमध्ये लढाई चालू असताना उठवण्याची संधी सगळ्यांत मिळून मोजकी, वीस जणांत साधारण साडेचार मिनिटांना एक. आणि अवघड बॉसला वेळेची मर्यादा असते. ती संपली की तो सगळ्यांना एकदम मारतो. म्हणून पहिल्या आठवड्यात डॅमेजचे आकडे बघूच नका. जिवंत राहून जागेवर असलेला मध्यम डीपीएस हा जमिनीवर पडलेल्या उत्तम डीपीएसपेक्षा जास्त डॅमेज करतो.

हा गोंधळ वाढवला तो रेड फाइंडरनं, म्हणजे अनोळखी लोकांचा गट आपोआप जमवणाऱ्या सोयीनं. वॉरक्राफ्टमध्ये तो २०११ साली आला. त्यात वाइप झालं की पुढच्या वेळी सगळ्यांची ताकद वाढते, त्यामुळे न शिकताही बॉस पडतो. गोष्ट बघायला ते छान आहे. पण त्यावरून "रेड येतो" असं सांगत गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, जाऊ नका.

नाशिकहून खेळताना एक जास्तीची अडचण आहे. युरोपच्या सर्व्हरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जास्तच राहणार. फायनल फँटसीत माऱ्याचा निकाल बॉसचा कास्ट बार (मारा तयार होताना भरत जाणारी पट्टी) भरतो त्या क्षणी लागतो. आग दिसते, आकडा उडतो तो नंतर. आग बघून पळणारा आधीच मेलेला असतो. आपल्याकडून बार भरण्याच्या अर्धा सेकंद आधीच बाहेर असायला हवं. कॅमेरा पूर्ण मागे घ्या. बॅटल इफेक्ट्समध्ये स्वतःचे पूर्ण, पार्टीचे मर्यादित, इतरांचे बंद करा, नाहीतर जमिनीवरची खूणच दिसत नाही.

आणि गिल्डला होकार देण्याआधी घड्याळ बघा. मध्य युरोपात रात्री आठची रेड म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, आपली नाही. त्या आठवड्यात वेळ पुन्हा विचारून घ्या.